देवकाबाईंनी फोडलेली शपथ

लग्न ठरवताना मध्यस्थाने माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "घर चांगलं आहे, पोरगा निर्व्यसनी आहे. फक्त एक गोष्ट. पोराची आई देवाले मानत नाई." एखाद्याला फिट येतात हे सांगावं, तसल्या आवाजात.

माझ्या वडिलांचं आष्टीला किराणा दुकान आहे. गल्ल्याला उदबत्ती ओवाळल्याशिवाय ते पहिली पुडी बांधत नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "दुसऱ्याले मानू देते का?"

"हो. त्याले काई म्हनत नाई."

तेवढ्यावर मी रोशनची बायको आणि देवकाबाईंची सून होऊन हेटीबर्डीला आले.

आमचं हेटीबर्डी कारंजाच्या अलीकडे, हायवे सोडून आत. संत्र्याच्या बागा, थोडी तूर, थोडा कापूस. रोशनचं कारंजाला कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि खतं विकतो. घरात देव्हारा आहे, तो माझ्या सासऱ्यांचा, रूपरावांचा होता. आता मी पूजा करते. सासूबाई देव्हाऱ्याकडे ढुंकून पाहत नाहीत, पण पहाटे अंगणातली जास्वंदीची फुलं तोडून माझ्या ओट्यावर आणून ठेवतात. "तुया देवाले पुरतीन का एवढी?" असं विचारतात. त्यांच्या त्या 'तुया देवाले'त मला कधी टोमणा ऐकू आला नाही. शेजारणीच्या पाहुण्याची चौकशी करावी, तसं असतं ते.

त्या अशा का झाल्या, हे मला रूपरावांनीच सांगितलं होतं. ते स्वतः भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे.

रोशन रांगत होता तेव्हाची गोष्ट. बागेत पाणी देताना रूपरावांच्या पायाला साप चावला. त्या काळी आमच्याकडे साप चावलेल्या माणसाला मारोतीच्या देवळात नेऊन ठेवायचे. कडुनिंबाचा पाला खायला द्यायचे, भजन लावायचे. पाला कडू लागला की विष उतरलं, असं समजायचे. रूपरावांनाही नेलं. बायका पायरीखाली उभ्या होत्या. देवकाबाईंना तिथून दिसलं की नवऱ्याच्या पापण्या मिटत चालल्या आहेत आणि त्याला त्या उचलता येत नाहीत.

त्या सरळ आत गेल्या आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला ओढू लागल्या. थोरले दीर दारात आडवे झाले.

"देवळातून काढला अन् मेला, तर तुयावर," ते म्हणाले.

"जगला तरी मायावरच," देवकाबाई म्हणाल्या.

बैलगाडी कुणी दिली नाही. शेवटी लहानू नावाच्या त्यांच्या सालगड्याने खाट उचलली, दुसरी बाजू देवकाबाईंनी धरली आणि दोघांनी ती हायवेपर्यंत नेली. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली. त्याचं नाव काय, गाव काय, तो कोणत्या देवाचा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने कारंजाच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं, तिथून सेवाग्रामला हलवलं. रूपराव पंधरवड्याने चालत घरी आले.

गावाने मारोतीपुढे नारळ फोडला. देवानेच वाचवलं, असं सगळे म्हणाले. देवकाबाई म्हणाल्या, "मंग सेवाग्रामच्या डॉक्टरलेबी एक नारळ पाठवा." कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नाही. रूपराव मात्र आणखी जोराने भजन करायला लागले, आणि ते रात्री घरी आले की त्यांच्यासाठी घंगाळात गरम पाणी तयार असायचं. सासरे हे सांगताना डोळे पुसत हसायचे. "माया देवानं अन् माया बायकोनं, दोघानं मिळून वाचवलं म्हनतो मी. तिले पटत नाई. नाई तर नाई."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी सांगणार आहे ती गोष्ट अलीकडची, गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीची.

आमच्या गावचं सरपंचपद त्या वेळी बाईसाठी राखीव निघालं. माझे चुलतदीर गजेंद्र, म्हणजे त्याच थोरल्या दिरांचा मुलगा, कैक वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून होते. पण आता जागा बाईची. ते उभे राहू शकत नव्हते, आणि तीन लेकरं असल्याने कायद्याने त्यांची बायको सपनाही नाही. एका सकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"काकू, तू उभी राय. तुले सगळा गाव मानते. कारभाराचं टेन्शन नोको घेऊ, मी पाह्यतो."

"उभी मी राह्यली तर कारभारबी मीच पाहीन," देवकाबाई म्हणाल्या.

गजेंद्रदादा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

सासूबाई तयार झाल्या त्याचं कारण वेगळं होतं. गावात आरोग्य उपकेंद्राची दोन खोल्यांची इमारत आहे, सरकारी. पण दोन्ही खोल्यांत मंदिर समितीचं सामान भरलेलं. मांडवाचे खांब, महाप्रसादाची मोठी पातेली, गंज, स्पीकरचे डबे. येणारी सिस्टर, मोहिनीताई, व्हरांड्यात सतरंजी टाकून लेकरांना लस द्यायची. गरोदर बाईला तपासायचं तर कुणाच्या तरी घरात न्यावं लागायचं. सासूबाईंनी दोनदा पंचायतीत सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, "काकू, देवाचं सामान आहे, कुठं ठेवाचं?"

"मले निवडून दिलं तर सगळ्यात आधी त्या खोल्या खाली करीन," हे त्या प्रत्येक दारात सांगत फिरल्या. गजेंद्रदादांना ते आवडत नव्हतं, पण लोक ऐकत होते. समोरून चंद्रभान नावाच्या बागायतदाराची बायको उभी होती. पोस्टरवर फोटो चंद्रभानचाच मोठा होता. तरी सगळे म्हणत होते की देवकाबाई येणार.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी प्रेमदास आमच्याकडे आले. ते गावच्या बौद्ध वस्तीतले, कारंजाला गॅरेज चालवतात. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काकू, तुमचा पुतन्या काल आमच्या वस्तीत आलता. म्हने, आमी मारोतीसमोर शपथा घेऊन राह्यलो, तुमीबी तुमच्या देवाची घ्या, मत देवकाबाईलेच म्हनून. म्या म्हटलं, भाऊ, आमच्या आज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या नागपुरात. तेविसावी तुया पॅनलची नाई घेत."

सासूबाई म्हणाल्या, "गजेंद्र असं करनार नाई."

"जाऊन पाहा ना मंग. मत आमी तुमालेच देनार होतो. आता इचार करा लागन."

ते गेले. सासूबाईंनी गजेंद्रदादांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. दुपारी रुख्माबाई आल्या. मागच्या गल्लीतल्या, एकट्या राहतात, सासूबाईंच्या बरोबरीच्या. त्या दारातच खाली बसल्या आणि पदराने तोंड दाबून रडायला लागल्या.

"काय झालं व?" सासूबाईंनी विचारलं.

"देवका, म्या पाप केलं. परवा चंद्रभानच्या मानसानं नेलं मले देवळात. नारळावर हात ठेवाले लावला. म्हन, मत चंद्रभानच्या बायकोले. म्या म्हटलं. आज सकाळी गजेंद्रनं नेलं. म्हन, मत देवकाले. मी काय करू? तेबी म्हटलं. आता कोनालेबी दिलं तरी देव सोडत नाई मले. माया नातवाले काही झालं तर?"

मला पोटात हसू आलं होतं, ते त्यांच्या शेवटच्या वाक्याला जिरलं. रुख्माबाईंचा नातू पुण्याला कंपनीत आहे. त्यांना त्याच्याशिवाय कुणी नाही.

सासूबाई उठल्या. त्यांना पाणी दिलं. मग आत जाऊन लुगडं बदलून आल्या आणि पायात चप्पल घातली.

"आई, कुठं?" मी विचारलं.

"देवळात."

मी घाईघाईने त्यांच्या मागे निघाले. रुख्माबाईही डोळे पुसत आमच्यामागे.

दिवस कलला होता. देवळासमोर पन्नासेक माणसं रांगेत उभी, बायका वेगळ्या. आत मारोतीपुढे पाटावर एक नारळ, शेंदूर लावलेला. गजेंद्रदादा बाजूला उभे राहून एकेकाला पुढे घेत होते. नारळावर हात, माझ्या सासूचं नाव, मग अंगारा. माणसं पाय ओढत पुढे सरकत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर भक्ती म्हणून दिसत नव्हती. शाळेत छडी खायला हात पुढे करतात, तसे हात येत होते.

सासूबाईंनी पायरीखाली चप्पल काढली आणि पायरी चढल्या. कुजबुज झाली. देवकाबाई देवळात! गजेंद्रदादांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, काकू स्वतःच शपथ द्यायला आली.

"या काकू, या. सरका रे, जागा द्या."

सासूबाईंनी नारळ उचलला.

"ह्या नारळावर ज्यानं ज्यानं मायं नाव घेतलं, त्याले मी मोकळं केलं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आयका सगळे. मोकळं केलं. उद्या ज्याले द्याचं त्याले मत द्या."

मग गजेंद्रदादा दातओठ खात हळू आवाजात म्हणाले, "काकू, काय करून राह्यली तू? चंद्रभाननं अर्ध्या गावाले शपथ देल्ली. आपन नाई देल्ली तर पडतो आपन."

"मंग पडू."

"अन् देवाची शपथ तुया म्हनन्यानं सुटते का?"

"नाव कोनाचं घेतलं? मायं ना? मंग माया नावापुरती मी सोडते. देवाले राग आला तर त्याले सांगजो, देवकाच्या घरी ये. मी त्याले कधी काई मागतलं नाई, तो मायं काय वापस घेईन?"

मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, देवळात उभी राहून देवाले असं बोलते?"

"देवाले नाई बोलत मी, भाऊ. तुमाले बोलते. तुमचा देव तुमच्या घरी राहू द्या, मनात राहू द्या, मायी ना नाई. रूपरावनं जलमभर भजन केलं, मी कधी आडवी आली का? पन मत हे मानसानं मानसाले द्याचं असते. त्यात देवाले भेव दाखवाले बसवता? पोलिसावानी? तुमालेच लाज वाटाले पाह्यजे, तुमचा देव आहे तो."

आणि त्यांनी तो नारळ पायरीच्या दगडावर आपटला. पहिल्याच फटक्यात फुटला. पाणी उडालं, दगडावरून खाली ओघळलं.

"शपथेचा नारळ फोडला!" कुणीतरी म्हणालं.

"काऊन? देवळात नारळ फोडाले मनाई आहे का?" सासूबाईंनी विचारलं. रांगेत बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटायला सुरुवात केली. पहिला तुकडा रुख्माबाईंच्या हातावर ठेवला. "खा. संपली शपथ."

रुख्माबाईंनी तुकडा मुठीत धरला. मग घाबरत विचारलं, "पन देवका, म्हंजे आता मले चंद्रभानलेच द्या लागन का? त्याची तं आहेच ना अजून."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना हे देवळाकडे निघतानाच कळलं असणार. त्यांनी आपल्या नावाच्या माणसांना सोडलं होतं. समोरच्याने बांधलेली माणसं बांधलेलीच राहणार होती.

"त्याच्या नारळावर मायं नाव नाई, मी त्याचा नाई फोडू शकत," त्या म्हणाल्या. "तुया मनात आहे ते कर. कोनाले घाबरू नोको."

काही लोकांनी खोबरं खाल्लं. काहींनी हातात धरून ठेवलं, खावं की टाकावं कळेना. बरेच जण न घेता निघून गेले. गजेंद्रदादा सगळ्यात आधी.

आम्ही घरी पोचायच्या आत व्हिडिओ गावभर झाला होता. कुणीतरी फक्त नारळ आपटतानाचा तुकडा काढून खाली लिहिलं होतं, 'मारोतीच्या देवळात देवाचा अपमान.' रोशन कारंजाहून तापूनच आला. दुकानात दोघं जण येऊन बोलून गेले होते, तुमच्याकडचं बियाणं आता कोण घेते पाहू म्हणून.

"आई, तुले काय गरज होती? उद्या मतदान आहे! जिंकत होतो आपन. जिंकून मंग काय ते सुधरवाचं होतं."

"शपथेवर जिंकली असती तर पह्यल्या दिवसापासून त्या नारळाचीच सरपंच झाली असती मी," सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "मंग कोन्त्या तोंडानं म्हनली असती की देवाचं सामान दवाखान्यातून काढा?"

"अन् दुकान?"

"दुकानाचं वाईट वाटते मले. खरंच वाटते." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "पन त्या रुख्मीचा जीव अर्धा झालता रे. मायं नाव घेऊन."

रोशन जेवला नाही. पुढे बरेच दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा. मी दोघांच्या मध्ये ताटं वाढत राहिले. मी देवाला मानते, आजही मानते. पण त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर बसले तेव्हा मला एवढंच वाटलं की आज देवळात देवाची बाजू कुणी घेतली असेल तर ती या बाईने.

निवडणुकीत त्या पडल्या. थोडक्याने नाही, चांगल्याच पडल्या. गजेंद्रदादांनी सकाळी आपल्या माणसांना सांगितलं होतं, काकूचं बटन दाबू नका. प्रेमदासांच्या वस्तीने मात्र सगळी मतं त्यांना दिल्याचं नंतर ऐकू आलं. निकालाच्या दिवशी चंद्रभानची मिरवणूक आमच्या दारासमोर मुद्दाम थांबली, डीजे लावला, गुलाल उधळला. सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उठल्या नाहीत, दारही लावलं नाही. अंगणात गुलाल पडला, तो दुसऱ्या दिवशी झाडून काढला.

संध्याकाळी रुख्माबाई आल्या. सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "देवका, तुले सांगतो मी कोनाले..."

सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "मले सांगू नोको. देवालेबी सांगू नोको. ते तुयं आहे."

रुख्माबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "नातवाचा फोन आलता. बरा आहे." आणि चहा पिऊन गेल्या.

सगळ्यांना वाटलं, आता देवकाबाई गप्प बसतील. जानेवारीतल्या ग्रामसभेची नोटीस लागली. स्थळ, मारोती मंदिर सभामंडप. आधी आरती, मग सभा. सासूबाई ग्रामसेवकांना जाऊन भेटल्या.

"सभा गावाची आहे. देवळात कायले? प्रेमदासची वस्ती तिथं येत नाई. शाळेचं मैदान आहे ना."

"काकू, सरपंचसाहेबांनी ठरवलं आहे."

"कोनते साहेब? सरपंच तर बाई आहे," सासूबाई म्हणाल्या. ग्रामसेवक कागद चाळायला लागले.

सभेच्या दिवशी त्यांनी घरातली मोठी दरी, जाड सतरंजी, काढली. रोशन मोटरसायकल पुसत होता. त्याने पाहिलं, दरी गाडीच्या टाकीवर आडवी घेतली आणि आईला मागे बसवून शाळेपर्यंत सोडलं. मी चालत गेले.

मैदानात त्यांनी दरी अंथरली आणि बसल्या. मी बाजूला. थोड्या वेळाने प्रेमदास आणि त्यांच्या वस्तीतली माणसं आली. मग मोहिनीताई सिस्टर येऊन कडेला उभी राहिली. मग बायका, दोघी-दोघी करून. सगळ्यात शेवटी गजेंद्रदादांची सपना आली, नवऱ्याला न सांगता, आणि डोक्यावरचा पदर नीट करत माझ्या मागे बसली. देवळातून आरतीचा आवाज येत होता. आम्ही ऐकत बसलो. कुणी नाक मुरडलं नाही, रुख्माबाई तर टाळ्याही वाजवत होत्या.

आरती संपली तेव्हा सभामंडपात कोरमपुरती माणसं उरलेली नव्हती. ग्रामसेवक आधी एकटे आले, दरीकडे पाहून परत गेले. मग रजिस्टर घेऊन चंद्रभान आणि त्याच्या सरपंच बायकोला सोबत घेऊन आले. चंद्रभानचा चेहरा लाल झाला होता.

"देवकाबाई, पडल्या ना तुमी? मंग आता काय आहे?"

"सभा आहे," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

चंद्रभानने खुर्ची ओढली. सासूबाई त्याच्याशी नाही, त्याच्या बायकोशी बोलल्या. "सरपंचबाई, तुमी बसा खुर्चीवर. निवडून तुमी आल्या."

ती घाबरून नवऱ्याकडे पाहायला लागली. बायकांमधून दोन-तीन आवाज आले, "बस व, बस." ती बसली. चंद्रभान उभाच राहिला.

सासूबाई उठल्या, आणि उपकेंद्राच्या खोल्यांचा विषय मांडला. वादावादी झाली. देवाच्या सामानाला हात लावाल तर याद राखा, असंही एक जण म्हणाला. प्रेमदास म्हणाले, सामान देवळातच ठेवा, देवाजवळ, आम्ही उचलू लागतो. हात वर करून मोजणी झाली आणि ठराव झाला. सरपंचबाईंनी सही केली, नवऱ्याला न विचारता केलेली ती त्यांची पहिली सही असावी.

फाल्गुनात एक खोली रिकामी झाली. मोहिनीताईंचं टेबल आत गेलं, तपासणीची खाट आली. दुसऱ्या खोलीला अजून मंदिर समितीचं कुलूप आहे. किल्ली सापडत नाही, असं सांगतात. रोशनच्या दुकानातली काही गिऱ्हाइकं परत आली, काही नाही आली. गजेंद्रदादा रस्त्यात भेटले तर मान वळवतात. सासूबाईच त्यांना हाक मारतात, "काऊन रे गजेंद्र, लेकरं बरी आहेत का?" ते हो म्हणून पुढे जातात.

आज सकाळी त्या पंचायतीत निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आई, ऊन फार आहे, उद्या जाजा."

"किल्ली सापडत नाई म्हनतात ना," त्या छत्री उघडत म्हणाल्या, "त्याईले सांगून येतो, मी लोहाराले बोलावलं म्हनून."